असईचा जर्मन सेनानी

जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या कवायती पायदळाचे नेतृत्व अँथनी पोलमन ह्या जर्मनाकडे होते. तो मूळचा हॅनोव्हरचा. तेथील अधिपती म्हणजेच इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज. साहजिकच पोलमन प्रथम कंपनीच्या बाजूने हिंदुस्थानात आलेल्या हॅनोव्हरी पलटणीत सार्जंट होता. पुढे तो शिंद्यांच्या चाकरीत शिरला व कर्नलपदास पोचला.

असईस वेलस्लीने केळणा नदी ओलांडून बगलेवर चाल करताच पोलमनने आपली फळी चपळाईने फिरविली. इंग्रजांकडील पंधराशेंहून अधिक सैनिक ठार वा जखमी झाले. तरीही लढाई हातची गेली, आणि पोलमन पुन्हा कंपनीच्या सेवेत रुजू झाला.

त्यास फितूर म्हणता येणार नाही. जोवर चाकरी होती तोवर तो लढला. शिंद्यांचे गोलंदाजही पगारीच. परंतु संगिनींनी भोसकले जाईपर्यंत त्यांनी तोफा सोडल्या नाहीत. उणीव होती ती अशा शूरांतून सेनानी न घडविण्याची. सेनापतित्वाची विद्या परक्याच्या हाती राहिली आणि पराभवानंतर त्याच्याबरोबरच निघून गेली.