करारावरची तलवार : स्फोर्त्सा घराणे

पंधराव्या शतकातील इटलीत लढाई हा एक धंदा होता, आणि त्याचे रीतसर कागद होत. स्वार किती, महिने किती, वेतन काय, हे ज्या करारात लिहिले जाई तो ‘कोंदोत्ता’ आणि तो करणारा सरदार ‘कोंदोत्तिएरे’. व्हेनिस-फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्यांना आपली माणसे पेढीवर हवी होती; रणांगणासाठी ते भाड्याची माणसे पाहत. पण यात एक गोम होती. युद्ध संपले की सरदाराची चूल विझे. मग निर्णायक विजयाची घाई त्याने का करावी?

मुत्सिओ आत्तेंदोलो हा कोतिन्योला गावचा, जन्म १३६९ चा. त्याने झाडावर कुदळ फेकली आणि ती अडकून राहिली म्हणून तो सैन्यात गेला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका गोड खरी, पण घराणे खाऊनपिऊन सुखी होते! अंगच्या बळामुळे त्याला ‘स्फोर्त्सा’ हे नाव पडले. १४२४ मध्ये पेस्कारा नदीत बुडणाऱ्या एका पोरसवदा सेवकाला वाचविताना तो वाहून गेला. मुलगा फ्रांचेस्को तेव्हा बावीस वर्षांचा. त्याने बापाची फौज फुटू दिली नाही. ह्या धंद्यात भांडवल काय ते फौजच.

मिलानचा ड्यूक फिलिप्पो मारिया व्हिस्कोंती याला ब्यांका मारिया ही एकच मुलगी, तीही अनौरस. तिच्या विवाहाचे आमिष दाखवून त्याने फ्रांचेस्कोला वर्षानुवर्षे झुलविले. अखेर १४४१ साली क्रेमोना येथे लग्न झाले. १४४७ मध्ये ड्यूक वारला. नागरिकांनी प्रजासत्ताक पुकारले, आणि रक्षणासाठी नेमले कोणाला? फ्रांचेस्कोलाच! सप्टेंबर १४४८ मध्ये त्याने काराव्हाज्जो येथे व्हेनिसला धूळ चारली आणि पुढच्याच महिन्यात त्याच व्हेनिसशी करार करून तो मिलानवर उलटला. शहर उपाशी मरू लागले. १४५० च्या आरंभी दरवाजे उघडले, तेव्हा त्याचे शिपाई पाव घेऊन आत शिरले. ज्याने धान्य अडविले त्याच्याच हातचे अन्न लोकांनी जयजयकार करीत खाल्ले. ही लबाडी क्षम्य नव्हे. तथापि राजा म्हणून तो बरा निघाला, हेही नाकारता येत नाही. १४५४ चा लोदीचा तह त्याच्या काळातला. १४५६ मध्ये पतिपत्नींनी थोरले इस्पितळ उभारावयास घेतले. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यांतून सावरलेल्या त्या वास्तूत आज विद्यापीठ आहे.

१४६६ मध्ये तो वारला. थोरल्या गालेआत्सोने आईलाच कारभारातून दूर सारले. १४६८ मध्ये ती गेली. १४७६ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी गालेआत्सोचा चर्चमध्ये खून झाला. धाकट्या लुदोव्हिकोने लिओनार्दोकडून बापाच्या पुतळ्यासाठी मातीचा प्रचंड घोडा घडविला. पण त्याचे कांसे १४९४ मध्ये तोफांसाठी गेले, आणि १४९९ मध्ये फ्रेंच तिरंदाजांनी त्या मातीच्या घोड्यावर नेमबाजी केली. लुदोव्हिको फ्रान्सच्या कैदेतच १५०८ साली मेला.

गालेआत्सोची अनौरस कन्या कातेरिना हिचा मुलगा जोव्हान्नी दे मेदिची पुन्हा कोंदोत्तिएरेच झाला; आणि त्याचा मुलगा कोसिमो १५३७ मध्ये फ्लॉरेन्सचा सत्ताधीश.