शूर्पारकची दोन दिवसांची धम्मयात्रा : नियोजन आणि पूर्वतयारी

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे आता बोधगया, सारनाथ, कुशीनगर या स्थळांची यात्रा करू लागली आहेत. काहींना श्रीलंका, थायलंड, जपान येथील बौद्ध स्थळे पाहण्याची संधीही मिळते. जपानमधील कामाकुरा हे असेच एक समुद्रकाठचे शहर. टोकियोहून रेल्वेने सुमारे तासाभरात तेथे पोहोचता येते. तेथील अमिताभ बुद्धांची कांस्यमूर्ती तेराव्या शतकातील असून तिची उंची अकरा मीटरहून अधिक आहे. मूर्तीभोवतीचे मंदिर वादळांनी आणि समुद्राच्या लाटांनी नष्ट झाले. तेव्हापासून गेली पाच शतके ती उघड्या आकाशाखाली आहे. तरीही जगभरातून माणसे तेथे येतात, कारण तेथे काय पाहायचे आणि ते का पाहायचे हे त्यांना ठाऊक असते.

भिवंडीहून एका दिवसात जाऊन परत येता येईल अशा अंतरावर, कामाकुराच्या मूर्तीहून सुमारे पंधराशे वर्षे जुन्या इतिहासाचे एक बंदर होते. त्याचे नाव शूर्पारक, पाली ग्रंथांतील सुप्पारक, म्हणजेच आजचे नालासोपारा. तेथे जाणाऱ्यांची अडचण मात्र वेगळी आहे. पूर्वतयारी न करता गेलेल्या माणसाला तेथे विटांचा एक ढिगारा दिसतो, आणि ‘एवढेच?’ असे म्हणून तो परततो. मुलांच्या मनावर तर त्या निराशेचा ठसा कायमचा राहतो. हे टाळता यावे म्हणून पालक, माजी विद्यार्थी आणि निवासी शाळांतील शिक्षक यांच्यासाठी या यात्रेचे नियोजन येथे मांडले आहे.

सोपाऱ्यात काय होते?

सोपारा ही अपरान्ताची, म्हणजे उत्तर कोकणाची, राजधानी आणि प्रमुख बंदर होते. पहिल्या शतकातील ग्रीक भाषेतील ‘पेरिप्लस’ या नौकानयनाच्या मार्गदर्शिकेत सोपारा आणि कल्याण या दोन्ही बंदरांचा उल्लेख आहे. या दोन बंदरांच्या मधल्या प्रदेशातच आपली भिवंडी वसलेली आहे.

व्यापाऱ्यांच्या मार्गानेच येथे धम्म रुजला. कार्ले येथील चैत्यगृहातील एका स्तंभावर सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या धम्मभाणकाने दिलेल्या दानाचा लेख आहे. कान्हेरीच्या लेखांतही सोपारा व कल्याण येथील दात्यांची नावे आढळतात. नाशिकच्या लेणीतील उषवदाताच्या लेखात ज्या गावी त्याने प्रवाशांसाठी चौसोपी विश्रामगृहे बांधली त्यांत शूर्पारकाचा समावेश आहे. म्हणजे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीही या गावी येणाऱ्या वाटसरूंची संख्या मोठी होती.

पाली साहित्यातील दोन व्यक्तींचा या परिसराशी संबंध आहे. पहिले भन्ते पुण्ण. मज्झिम निकायातील पुण्णोवाद सुत्तात ते सुनापरान्तात जाऊन राहण्याची इच्छा तथागतांजवळ व्यक्त करतात. तेथील लोक उग्र आहेत. त्यांनी शिवीगाळ केली, मारले, अगदी जीव घेतला तर काय करशील, असे तथागत एकेक पायरी चढवत विचारतात. प्रत्येक प्रश्नाला पुण्ण मैत्री न सोडता उत्तर देतात आणि त्यांना जाण्याची अनुमती मिळते. संस्कृत अवदानकथांत हेच पूर्ण शूर्पारकातील व्यापारी म्हणून येतात. दुसरे बाहिय दारुचीरिय. उदान ग्रंथानुसार ते सुप्पारकाच्या समुद्रकाठी वल्कले नेसून राहत होते आणि लोक त्यांना अर्हत मानून पूजत असत. आपण अजून त्या अवस्थेला पोहोचलेलो नाही हे लक्षात येताच ते तडक श्रावस्तीला निघाले. भिक्षाटनाला निघालेल्या तथागतांना त्यांनी रस्त्यातच गाठले आणि तीनदा विनंती करून उपदेश मिळवला. लोकांनी दिलेला मान सोडून शिकण्यासाठी वाट धरणारा हा मनुष्य आपल्या विद्यार्थ्यांना सांगण्यासारखा आहे.

शिलालेख आणि धातुकरंडक

1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्यात दोन शोध लावले. एक म्हणजे सम्राट अशोकांच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा. पुढे 1956 मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला.

दुसरा शोध स्तूपाचा. गावकरी ज्या टेकाडाला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत, त्याच्या पोटात विटांचा स्तूप होता. धम्माची आठवण पुसली गेली की स्तूपाचा ‘कोट’ होतो, हे या नावावरून कळते. स्तूपाच्या मध्यभागी दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडक आणि त्याच्या भोवती आठ लहान कांस्यमूर्ती होत्या: सात मानुषी बुद्ध आणि आठवे भावी बुद्ध मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा, असे एकात एक बसवलेले करंडक होते. सोन्याच्या करंडकात हिरे-माणके नव्हती. होते मातीच्या भिक्षापात्राचे लहानसे तुकडे. पाच मौल्यवान आवरणांच्या आत मातीचे खापर! बौद्ध परंपरेत कोणत्या वस्तूला किती मोल होते, हे मुलांना समजावण्यासाठी याहून बोलके उदाहरण सापडणार नाही.

करंडकासोबत सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणे मिळाले. नाणे दुसऱ्या शतकातील, तर मूर्ती आठव्या-नवव्या शतकातील मानल्या जातात. यावरून मूळ स्तूप पुढे पुन्हा उघडून त्यात या मूर्ती ठेवल्या असाव्यात, असा निष्कर्ष निघतो. अनेक शतके या स्थळी वंदना होत राहिली, असा त्याचा अर्थ.

उत्खननात मिळालेल्या या वस्तू आज सोपाऱ्यात नाहीत. शिलालेख मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहात आहे आणि धातुकरंडक व मूर्ती एशियाटिक सोसायटीकडे आहेत. म्हणूनच केवळ सोपाऱ्याला गेलेल्याला रिकामी जागा दिसते, आणि केवळ संग्रहालयात गेलेल्याला जागेपासून तुटलेल्या वस्तू दिसतात. या यात्रेला दोन दिवस हवेत ते यासाठी.

नियोजनाचे सूत्र : आठवा शिलालेख

योगायोग असा की सोपाऱ्यात सापडलेला हा आठवा शिलालेख यात्रेविषयीच आहे. सोपाऱ्याच्या तुकड्यावर थोडीच अक्षरे उरली आहेत. परंतु गिरनारसारख्या ठिकाणी संपूर्ण मजकूर उपलब्ध आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे शिकार आणि मौजमजेसाठी बाहेर पडत; राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीला गेले आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली, असा त्याचा आशय आहे. श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन व दान, वृद्धांची भेट व त्यांना साहाय्य, जनपदातील लोकांची भेट, धम्माचा उपदेश आणि धम्माविषयी प्रश्नोत्तरे ही धम्मयात्रेची अंगे त्यात सांगितली आहेत.

आपल्या यात्रेचे नियोजन याच अंगांवर उभे करावे. केवळ स्थळ पाहून परतणे ही सहल. तेथील माणसांना भेटून, विचारून, शिकून परतणे ही धम्मयात्रा.

पूर्वतयारी

यात्रा ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात ठेवावी. पावसाळ्यात वसई परिसरात पाणी साचते आणि प्रवास बेभरवशाचा होतो. तारीख ठरवण्यापूर्वी परीक्षांचे वेळापत्रक पाहावे आणि संग्रहालयाच्या वेळा विचारून घ्याव्यात. शिलालेख सध्या कोणत्या दालनात आहे हेही त्याच वेळी विचारावे. एशियाटिक सोसायटीला किमान महिनाभर आधी संस्थेच्या पत्रावर विनंती करावी. धातुकरंडक पाहायला मिळेलच असे गृहीत धरू नये. परवानगी न मिळाल्यास छायाचित्रांवरून माहिती द्यावी.

यात्रेच्या आधीच्या आठवड्यात एका सायंकाळी पुण्ण आणि बाहिय यांच्या कथा सांगाव्यात. दुसऱ्या सायंकाळी ब्राह्मी लिपीतील चार-पाच अक्षरे फळ्यावर काढून घ्यावीत. दगडावरील एक अक्षर जरी ओळखता आले तरी मुलांचे डोळे चमकतात. ज्यांना सरावासाठी अर्धा दिवस काढता येईल त्यांनी आपल्याच तालुक्यातील लोनाड येथील बौद्ध लेणे आधी पाहावे.

पहिला दिवस : मुंबई

पहिला दिवस संग्रहालयाचा असावा, कारण स्तूपासमोर उभे राहताना करंडकाचे चित्र डोळ्यांत असले पाहिजे. भिवंडीहून बसने कल्याण किंवा ठाणे गाठावे आणि तेथून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. वस्तुसंग्रहालय आणि एशियाटिक सोसायटीचे नगरभवन ही दोन्ही ठिकाणे फोर्ट भागात असून पायी जाण्याजोगी आहेत. मुले बरोबर असल्यास सकाळच्या गर्दीची वेळ टाळावी. शनिवार त्या दृष्टीने सोयीचा.

संग्रहालयात सर्व काही पाहण्याचा आग्रह धरू नये. अशोकांचा शिलालेख आणि सिंधमधील मीरपूरखास येथील स्तूपाचे मृण्मय अवशेष एवढे दोनच विषय पुरेसे आहेत. मीरपूरखासचा स्तूपही विटांचाच होता. विटांच्या स्तूपावर कसे अलंकरण असे, हे त्या अवशेषांवरून कळते आणि दुसऱ्या दिवशी सोपाऱ्याच्या उघड्या विटा मनातल्या मनात सजवता येतात.

दुसरा दिवस : सोपारा

भिवंडी रोड हे स्थानक दिवा–वसई रेल्वेमार्गावर आहे. तेथून वसई रोड आणि वसई रोडहून विरारच्या दिशेचे पुढचे स्थानक नालासोपारा. या मार्गावरील गाड्या मोजक्याच असल्याने जाण्याची व परतीची गाडी आदल्या दिवशी निश्चित करावी. मोठा गट असल्यास बस करून अंजूरफाटा–कामण–चिंचोटी रस्त्याने महामार्गाला लागता येते. परंतु या रस्त्यावर अवजड वाहनांची वर्दळ असते, त्यामुळे पहाटे निघणे हिताचे. स्तूप नालासोपारा पश्चिमेस असून स्थानकावरून रिक्षाने जाता येते.

स्तूपाजवळ घाई करू नये. प्रथम शांतपणे प्रदक्षिणा, नंतर त्रिशरण-पंचशील, नंतर स्थळाची माहिती आणि आठव्या शिलालेखाच्या आशयाचे वाचन असा क्रम ठेवावा. त्यानंतर मुलांना गटांत काम द्यावे: एका गटाने प्रदक्षिणेची पावले मोजावीत, दुसऱ्याने विटेची लांबी-रुंदी मोजावी, तिसऱ्याने आराखडा काढावा, चौथ्याने गावातील एखाद्या वृद्ध व्यक्तीला भेटून पूर्वीचे तळे, वाटा आणि कोटाविषयी ऐकलेल्या गोष्टी विचाराव्यात. गावातील चक्रेश्वर तलावाचा परिसर याच वेळी पाहून घ्यावा.

दुपारनंतर कळंब किंवा अर्नाळा येथील किनाऱ्यावर जावे. बंदर होते तर समुद्र कोठे आहे, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. खाड्या गाळाने भरत गेल्या आणि सोपारा किनाऱ्यापासून तुटले, हे उत्तर तेथे उभे राहून अधिक चांगले समजते. पाण्यात उतरण्यास मात्र मनाई असावी आणि अंधार पडण्यापूर्वी परतीची हजेरी घ्यावी.

काही पथ्ये

स्तूप हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने संरक्षित केलेले स्मारक आहे. त्याच्या विटांवर चढू नये. मेणबत्त्या व अगरबत्त्या विटांवर लावू नयेत. मेण आणि काजळी निघत नाही. फुले वाहिल्यास निघताना उचलून घ्यावीत. विटेचा तुकडा ‘आठवण’ म्हणून कोणीही आणू नये. पिण्याचे पाणी आणि जेवणाचे डबे सोबत असावेत. स्वच्छतागृहाची सोय स्थानकावर किंवा बस थांबेल तेथे करून घ्यावी.

भुईगावचा नववा शिलालेख येथे उपयोगी पडतो. आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात. खरे मंगल मात्र सेवकांशी योग्य वागणुकीत, गुरुजनांच्या आदरात आणि प्राणिमात्रांविषयीच्या संयमात आहे, असे त्यात सांगितले आहे. तेव्हा बसचा चालक आणि जेवण वाढणाऱ्या मावशी यांची पंगत मुलांबरोबरच बसावी. यात्रेच्या खर्चामुळे एकही विद्यार्थी मागे राहू नये, याची जबाबदारी माजी विद्यार्थ्यांनी उचलावी. दानाचे हे अंगही अशोकांच्या यादीत आहेच.

परतल्यावर आठवडाभरात प्रत्येक गटाने आपली मोजमापे, आराखडे आणि ऐकलेल्या गोष्टी एका वहीत उतरवाव्यात व ती वही ग्रंथालयात ठेवावी. पुढील वर्षी जाणाऱ्या मुलांनी ती वाचून निघावे आणि पुन्हा तीच मापे घ्यावीत. कोठे वीट ढासळली, कोठे कचरा वाढला, हे त्यातून कळेल आणि संबंधित खात्याला नेमके पत्र लिहिता येईल. ज्या टेकाडाला एकदा ‘कोट’ हे नाव पडले होते, ते पुन्हा विस्मरणात जाऊ नये यासाठी दरवर्षी तेथे जाणारी आणि नोंद ठेवणारी माणसे हवीत. ती आपल्या शाळांतून तयार होऊ शकतात.