परतल्यानंतरच्या गोळ्या

काही वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यातील ही घटना. दवाखान्यात पावसाळ्यातील नेहमीची गर्दी होती. त्या गर्दीत ६८ वर्षांचे एक निवृत्त मुख्याध्यापक अंगात १०२ अंश ताप घेऊन आले. थंडी वाजते, अंग मोडून आले आहे, तोंडाला चव नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यांच्या गल्लीत डेंग्यूचे दोन रुग्ण निघालेले होते. मी त्यांना तपासले, पॅरासिटामॉल दिले आणि परवा यायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घेण्यासाठी आल्या. जाताना त्यांनी टेबलावर लवंगांची एक पुडी ठेवली. ‘‘झांझिबारच्या आहेत, डॉक्टर. मुलाकडे दार-ए-सलामला महिनाभर होतो ना आम्ही! येऊन जेमतेम दोन आठवडे झाले.’’

ती पुडी हातात घेतली आणि माझ्या पोटात गोळा आला. आदल्या दिवशी मी सरांना झोप, भूक, लघवी, शेजारचे आजारी, सारे काही विचारले होते. परदेशी जाऊन आलात का, एवढेच विचारले नव्हते. तासाभरात त्यांच्या रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचला. संध्याकाळी अहवाल आला : फाल्सिपेरम जातीचा हिवताप. त्याच रात्री त्यांना रुग्णालयात दाखल केले. उपचार वेळेत सुरू झाले, म्हणून पाचव्या दिवशी ते घरी आले. आणखी दोन दिवस मी त्या तापाला ‘व्हायरल’ म्हणत राहिलो असतो तर काय झाले असते, हा विचार आजही मनातून जात नाही. फाल्सिपेरमचा हिवताप उतारवयात मेंदूवर आणि मूत्रपिंडांवर पाहता पाहता उतरतो.

वस्तुतः सरांनी हिवताप टाळण्याच्या गोळ्या घेतल्या होत्या. मुलाने फोनवर डॉक्सिसायक्लिनचे नाव सांगितले, त्यांनी औषधाच्या दुकानातून त्या आणल्या आणि तिथे असेपर्यंत एक दिवसही चुकवला नाही. मुंबईच्या विमानतळावर उतरल्यावर मात्र त्यांनी त्या बंद केल्या. उरलेली पाकिटे बॅगेत तशीच होती. ‘‘घरी आलो. आता तिथला डास इथे कसा चावणार?’’ असा त्यांचा प्रश्न.

प्रश्न शिक्षकाला शोभेल असा तर्कशुद्ध आहे. फक्त डास आधीच चावून गेलेला असतो. डासाच्या सोंडेतून शरीरात शिरलेला हिवतापाचा जंतू तासाभराच्या आत यकृतात जाऊन बसतो. फाल्सिपेरम तिथे साधारण आठवडाभर, कधी त्याहून अधिक काळ, गुपचूप वाढत राहतो. या काळात ताप नसतो आणि रक्ताच्या तपासणीतही काही दिसत नाही. त्यानंतर तो रक्तात उतरतो आणि तांबड्या पेशी फोडू लागतो. डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन ही औषधे त्याला मुख्यतः रक्तात गाठतात. म्हणजे मुक्कामाच्या अखेरच्या रात्री चावलेल्या डासाचा हिशेब घरी परतल्यावरच चुकता होतो. म्हणून ही दोन्ही औषधे परतल्यानंतरही ४ आठवडे घ्यावी लागतात. ॲटोव्हाकोन-प्रोग्वानिल ही जोडगोळी यकृतातील जंतूवरही मारा करते. त्यामुळे ती परतल्यावर ७ दिवस घेतली तरी पुरते.

मुले नैरोबी, कंपाला, दार-ए-सलाम किंवा लागोसला नोकरीनिमित्त स्थायिक झालेली आणि आई-वडील महिना-दोन महिने त्यांच्याकडे जाणारे, अशी कुटुंबे आता विरळ राहिलेली नाहीत. अशा ज्येष्ठांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘‘आम्हाला मलेरियाचे काय कौतुक? तरुणपणी दोनदा होऊन गेलाय.’’ चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या आजाराने आज कोणतेही कवच दिलेले नसते. दुसरा गैरसमज लसीचा. केनिया, युगांडा, नायजेरिया अशा देशांच्या प्रवासासाठी पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते. ती लस टोचून घेतली की आफ्रिकेतील सर्व तापांपासून सुटका झाली, असे अनेकांना वाटते. पीतज्वर वेगळा, त्याचा डास वेगळा. त्या लसीचा हिवतापाशी काही संबंध नाही. (साठीनंतर ही लस प्रथमच घ्यायची असेल तर तीही डॉक्टरांशी बोलूनच घ्यावी.) तिसरा गैरसमज क्लोरोक्विनचा. आपल्या पिढीला आठवणारी ती कडू गोळी आफ्रिकेतील फाल्सिपेरमवर आता भरवशाची राहिलेली नाही. सांधेदुखीसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्या भगिनींनीही तिच्यावर विसंबून राहू नये.

मग कोणती गोळी घ्यावी? याचे उत्तर जावयाच्या मित्राने कोणती घेतली होती, यावर ठरत नाही. आपल्या औषधांच्या डब्यात आधीपासून काय आहे, यावर ठरते. प्रवासाच्या किमान महिनाभर आधी तो डबा जसाच्या तसा उचलून डॉक्टरांकडे न्यावा. मधुमेह किंवा रक्तदाब जुना असेल तर क्रिॲटिनिन तपासून घ्यावे. मूत्रपिंडे फारच अशक्त असतील तर ॲटोव्हाकोन-प्रोग्वानिल देता येत नाही. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच घ्यायची असल्याने विसराळू मंडळींना सोयीची वाटते. परंतु पूर्वी नैराश्य, अतिचिंता किंवा फिट्स यांचा त्रास झालेल्यांना ती मुळीच देऊ नये, आणि हृदयाच्या ठोक्यांत दोष असणाऱ्यांनाही ती टाळतात. तिच्यामुळे भयंकर स्वप्ने पडू शकतात, चक्कर येऊ शकते. ज्येष्ठांच्या बाबतीत चक्कर म्हणजे पडणे, आणि पडणे म्हणजे खुब्याचे हाड. मी स्वतः सत्तरीपुढील व्यक्तीला ती सहसा लिहीत नाही. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्सिसायक्लिन आणि ॲटोव्हाकोन-प्रोग्वानिल या दोहोंमुळेही तिचा परिणाम वाढू शकतो. अशा व्यक्तींनी गोळ्या नेहमीपेक्षा आधी सुरू करून, निघण्यापूर्वी आयएनआर पुन्हा तपासून घेतलेला बरा.

सुरुवात कधी करायची, हेही औषधागणिक बदलते. डॉक्सिसायक्लिन आणि ॲटोव्हाकोन-प्रोग्वानिल निघण्याच्या एक-दोन दिवस आधी, तर मेफ्लोक्विन किमान दोन आठवडे आधी. ही औषधे प्रत्येक दुकानात हाताशी असतीलच असे नाही. ती आधीच सांगून ठेवावीत आणि परतल्यानंतरच्या दिवसांसकट मोजून घ्यावीत.

सरांनी गोळ्या थांबवण्यामागे आणखी एक कारण होते. ते त्यांनी नंतर थोड्या संकोचाने सांगितले. छातीत सारखी आग होत असे. रात्री अंथरुणावर पडता पडता घोटभर पाण्याबरोबर ते गोळी गिळत होते. डॉक्सिसायक्लिन अशी घेतली की ती अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण करते. वयाबरोबर लाळ कमी झालेली असते, तेव्हा हा धोका वाढतोच. ही गोळी जेवणानंतर, बसून, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास आडवे होऊ नये. तिच्याबरोबर कॅल्शियम, लोह किंवा आम्लपित्ताची औषधे घेऊ नयेत. दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे, अन्यथा गोळी पोटात जाऊनही अंगी लागत नाही. तिच्यामुळे उन्हाने त्वचा भाजल्यासारखी होते, म्हणून सफारीच्या उघड्या जीपमध्ये टोपी आणि लांब बाह्या हव्यातच. ॲटोव्हाकोन-प्रोग्वानिलचे नेमके उलट आहे : ती दुधाबरोबर किंवा स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबर घेतली तरच नीट शोषली जाते. एकादशीच्या उपवासालाही ती दुधाबरोबर खुशाल घ्यावी. एखादा दिवस विसरलाच तर आठवताक्षणी गोळी घ्यावी, पण भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नयेत.

गोळ्यांनी धोका पुष्कळ कमी होतो, नाहीसा होत नाही. हिवतापाचा ॲनाफिलिस डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. दार-ए-सलामच्या मुक्कामात सर-बाई मिकुमीच्या अभयारण्यात दोन रात्री राहून आले होते. तिथे मच्छरदाणी बांधलेली होती. उकडते म्हणून सरांनी ती वर गुंडाळून ठेवली. बाई मच्छरदाणीत झोपल्या. एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये हे मला कळते, पण आजारी सरच पडले.

घरातील वृद्धांची काळजी घेणाऱ्या सुना-मुलांना, लेकींना एकच गोष्ट निक्षून सांगतो. अशा प्रवासाहून परतलेल्या व्यक्तीला ताप आला, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, तर त्याच दिवशी रक्तात हिवतापाचे जंतू आहेत का, हे तपासून घ्यावे. दवाखान्यात शिरताच पहिले वाक्य प्रवासाचे असावे. डॉक्टर विचारतील, याची वाट पाहू नये. पहिला अहवाल निर्दोष आला आणि ताप टिकून राहिला, तर १२ ते २४ तासांनी तपासणी पुन्हा करावी. अशी ती तीनदाही करावी लागते. गोळ्या नियमित घेतल्या होत्या, म्हणून तपासणी टाळू नये. वृद्धांमध्ये ताप फार चढेलच असेही नाही. कधी केवळ गळून जाणे, बरळणे किंवा जुलाब एवढेच दिसते. व्हायव्हॅक्स जातीचा जंतू तर यकृतात महिनोन् महिने निद्रिस्त राहतो आणि या गोळ्या नीट घेतल्या तरी पुढे जागा होऊ शकतो. म्हणून वर्षभर तरी कोणत्याही तापात प्रवासाचा उल्लेख करावा.

सर आणि बाई येत्या महिन्यात पुन्हा दार-ए-सलामला निघाले आहेत. नातीचा पहिला वाढदिवस आहे. सरांचे क्रिॲटिनिन चांगले आहे, म्हणून या वेळी त्यांना ॲटोव्हाकोन-प्रोग्वानिल लिहून दिली. ती महाग पडते, यावर त्यांनी माझ्याशी बराच वाद घातला. बाईंनी त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे फोटो मला मोबाइलवर दाखवले. परतीच्या तारखेभोवती लाल वर्तुळ आहे, आणि त्यापुढच्या सात चौकोनांत प्रत्येकी एक टिंब.