जप्तीचा युक्तिवाद

समोरच्या वकिलाचं म्हणणं खोडून काढणं फारसं अवघड नसतं. ते मान्य करून त्याच्याच अंगावर उलटवायला खरी अक्कल लागते. तालुका कोर्टात माझी उभी हयात गेली, पण या प्रकाराचा सर्वांत देखणा नमुना मला सापडला तो अमेरिकेतल्या एका किल्ल्यात. वकिलाचं नाव बेंजामिन बटलर.

माणूस सरळ नव्हे. जन्म १८१८ चा. बाप लवकर गेला. आईनं मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल या गिरणगावात कामगार मुलींसाठी राहण्या-जेवण्याची खानावळ चालवून संसार रेटला. बटलरनं वकिलीही तिथंच थाटली. गिरणीनं एका मुलीची मजुरी अडवली, तेव्हा पठ्ठ्यानं थेट गिरणीच्या पाणचक्कीवर जप्ती आणली, अशी गोष्ट सांगतात. चाक बंद म्हणजे गिरणी बंद! कामाचे तास दहावर आणावेत म्हणूनही तो भांडला. गुलामगिरीशी मात्र त्याला काही देणंघेणं नव्हतं. १८६० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या चार्ल्सटन अधिवेशनात उमेदवारीसाठी यानं तब्बल ५७ वेळा मत दिलं ते जेफरसन डेव्हिसला. पुढे बंडखोर दक्षिणेचा अध्यक्ष झाला तोच हा डेव्हिस.

वर्षभरात यादवी पेटली आणि वकीलसाहेब जनरल होऊन व्हर्जिनियातल्या फोर्ट मनरोवर आले. २३ मे १८६१ रोजी व्हर्जिनियाच्या मतदारांनी फुटून निघण्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम होडी वल्हवत पाणी ओलांडून किल्ल्यावर आले. बंडखोरांच्या तोफांसाठी मोर्चा बांधायला मालकानं त्यांना जुंपलं होतं, आणि आता घरच्यांपासून तोडून आणखी दूर दक्षिणेला धाडायचा त्याचा बेत होता.

दुसऱ्या दिवशी मालकाच्या वतीनं मेजर जॉन कॅरी पांढरं निशाण घेऊन हजर. मागणी साधी: १८५० चा फरारी गुलामांचा कायदा आहे, आमचा माल परत करा. बटलरनं माणुसकीवर भाषण झोडलं नाही. तो कायदा अमेरिकेचा, आणि व्हर्जिनिया आता परका देश असं तुम्हीच म्हणता. मग तो तुम्हाला कसा लागू? शिवाय ही माणसं म्हणजे मालमत्ता, हेही तुमचंच म्हणणं. शत्रूची मालमत्ता युद्धाच्या कामी वापरात असेल, तर ती जप्त करायचा मला हक्क आहे. वर एक तोडही सुचवली: मालकानं इथं यावं, अमेरिकेशी निष्ठेची शपथ घ्यावी आणि माणसं घेऊन जावीत. कॅरी हात हलवत परतला.

बातमी पसरली तशी माणसं येत गेली. जुलैअखेर सुमारे ९०० जण किल्ल्याच्या आसऱ्याला होते. त्यांत बायकापोरं बरीच, आणि तिथं युक्तिवाद लंगडा पडत होता. तान्ह्या मुलानं कुठला मोर्चा बांधला? बटलरनं ३० जुलैला युद्धमंत्र्यांनाच लिहून विचारलं की, मालक टाकून पळाले, आता ही मालमत्ता की माणसं? कल कुठं होता, ते प्रश्नावरूनच कळतं. ६ ऑगस्टला काँग्रेसनं जप्तीचा कायदा केला. बंडखोरांच्या युद्धकामाला लावलेल्या गुलामांवरचा मालकाचा हक्क त्यानं संपला. गुलामगिरीच संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती यायला १८६५ उजाडलं.

बटलरची पुढची कारकीर्द वाचताना कौतुक आवरतं घ्यावं लागतं. १८६२ मध्ये न्यू ऑर्लिअन्सचा कारभार हाती आला, तेव्हा गटारं उपसून त्यानं पीतज्वर आटोक्यात ठेवला. पण अमेरिकेचा झेंडा उतरवणाऱ्या विल्यम ममफर्डला फासावर दिलं, सैनिकांचा अपमान करणाऱ्या बायकांना वेश्या समजा असा हुकूम काढला, आणि चांदीचे चमचे लांबवल्याची बोलवा कायमची मागे लागली. सेनापती म्हणून तर सुमारच. खासदार झाल्यावर मात्र कू क्लक्स क्लॅनविरुद्धच्या १८७१ च्या कायद्यासाठी तो हिरिरीनं लढला.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या निरपेक्ष लोकांना अर्पण केली, त्यांच्या पंगतीत याला बसवावं का? माझ्या मते नाही. निरपेक्षता बटलरच्या गावी नव्हती. युक्तिवादाचं श्रेय त्याचं, ते नाकारू नये. पण बेकर, मॅलरी आणि टाउनसेंड यांनी होडी पाण्यात घातली नसती, तर त्याच्यापुढे प्रकरणच आलं नसतं.