बांधाच्या आत, बांधाच्या बाहेर

"बाबा, तिथे नदी आहे, तुम्हाला आवडेल," असं म्हणत लेकीने आम्हाला इचूकाला नेलं. मेलबर्नच्या उत्तरेला, गाडीने अडीच-तीन तासांवरचं मरे नदीकाठचं हे सुट्टीचं गाव. इचूका म्हणजे पाण्याचा संगम. तिथल्या मूळ रहिवाशांचा हा शब्द. कॅम्पास्पी नदी इथे मरेला मिळते. आम्ही सांगलीचे. हरिपूरचा संगम पाहत वाढलेल्या माणसाला कौतुकाने नदी दाखवायला न्यावं, याचं मला हसूच आलं.

मरे काही पहिल्या भेटीत मनात भरली नाही. मातकट पाणी, संथ ओढ. पलीकडच्या काठावर न्यू साउथ वेल्स राज्य, आणि नदीचं पात्रही त्यांचंच! (आपल्याकडे असतं तर केवढे दावे झाले असते.) नजर ठरली ती लाकडी धक्क्यावर. रेड गमच्या तांबूस लाकडाचा, एखाद्या इमारतीएवढा उंच. १८६४ साली मेलबर्नहून रेल्वे इथवर आली आणि पुढच्याच वर्षी धक्क्याचं काम निघालं. आतल्या मुलुखातली लोकर वाफेच्या बोटींतून यायची नि इथे रेल्वेत चढायची. पुढे रेल्वेच सगळीकडे पोचली, बोटींचा धंदा बसला. आता त्यांतून पर्यटक फिरतात. पण धक्का एवढा उंच कशाला? जिना उतरून खाली गेलो तेव्हा उलगडा झाला. नदी इतकी वरखाली व्हायची, की बोटी लावायला एकाखाली एक फलाट करावे लागले होते.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ती अशीच चढली. गावाने घाईघाईने मातीचा बांध घातला. तो कुठून तरी न्यायलाच हवा होता. जी घरं नदीच्या बाजूला राहिली, ती राहिली. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाई त्यांतल्याच. लेक दुभाष्याचं काम करत होती.

"समोरच्यांचं घर आत, माझं बाहेर. मध्ये फक्त रस्ता," त्या म्हणाल्या. समोरच्यांनीच त्यांच्या दाराशी वाळूची पोती रचली, रात्री झोपायलाही बोलावलं. पण तेव्हापासून दोन्ही घरांतलं बोलणं जरा अवघडलंय. "त्यांची काही चूक नाही हो. माझीही नाही."

मी २०१९ च्या ऑगस्टमधल्या आमच्या कृष्णेच्या पुराचं सांगितलं. त्यांनी हळहळ वगैरे काही व्यक्त केली नाही. एवढंच विचारलं, "घरात पाणी कुठवर आलं होतं?"

मी उठून भिंतीवर छातीपाशी हात ठेवला. त्याही उठल्या, आणि माझ्या हाताच्या खाली वीतभर अंतरावर त्यांनी आपला हात टेकवला.