फॅशनची पदवी : रेखाटनाच्या पुढचे शिक्षण

फॅशन डिझाइन म्हणजे सुंदर रेखाटने, असा समज बाळगून अनेक विद्यार्थी प्रवेशपरीक्षेला बसतात. प्रत्यक्षात त्यांचा कस लागतो तो कापड बेतताना. उभ्या धाग्यावर बेतलेले कापड फारसे ताणले जात नाही. तेच ४५ अंशांत, म्हणजे उरेब बेतले की ताणते आणि अंगाबरोबर वळते. एकाच आराखड्यातून त्यामुळे दोन निराळे झगे तयार होतात. शिंप्याला हे अनुभवाने ठाऊक असते. विद्यापीठीय शिक्षणात त्यामागची कारणेही शिकवली जातात.

ही कारणे विणीत दडलेली असतात. साध्या विणीत उभे-आडवे धागे एकाआड एक गुंततात, म्हणून कापड घट्ट बसते. सॅटिनमध्ये धागे लांबवर मोकळे राहतात. त्याने चमक येते, पण ते चटकन अडकून ओढलेही जातात. वस्त्र-डिझाइनचा अभ्यास येथून सुरू होऊन रंगाई-छपाईपर्यंत जातो. कारखान्यातील उत्पादन, खर्च आणि दर्जा हा तयार कपड्यांच्या निर्मितीचा प्रांत. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेत (निफ्ट) त्यासाठी डिझाइनची नव्हे, तर तंत्रज्ञानाची पदवी मिळते. तिन्ही शाखा एकच समजून अर्ज भरणाऱ्यांची चार वर्षे पणाला लागतात.

'निफ्ट'ची स्थापना १९८६ ची. पदवी देण्याचा अधिकार मात्र संसदेच्या २००६ च्या कायद्याने मिळाला. तोवर विद्यार्थ्यांच्या हाती पदविकाच पडे. खासगी संस्थेत प्रवेश घेताना पदवी की पदविका आणि ती देणारे विद्यापीठ कोणते, ही ओळ माहितीपुस्तिकेत आजही शोधावी लागते. रॅम्पवरची छायाचित्रे मात्र पहिल्याच पानावर असतात.