सुईचा हिशेब

पहाटे ५.२० – डोंबिवली स्टेशन. सिस्टरच्या पिशवीत दोन डबे. आज ‘फ्लॅप’ आहे, म्हणजे कॅन्सरचं स्तन काढून पोटाच्या कातडी-चरबीतून नवं बनवायचं. घरी कधी येणार, हे नवरा विचारत नाही.

सकाळी ७.०० – मुंबईतल्या एका हॉस्पिटलची ओटी. वॉर्डबॉय मामा पोछा मारतोय. सिस्टर एसी कमी करते. पेशंट गार पडला की रक्तवाहिन्या आवळतात. मग दिवसभर गाऊनच्या आत घाम. दोन ट्रॉल्या लागतात, एक छातीची, एक पोटाची. कॅन्सरला लागलेली हत्यारं पोटाकडे जाता कामा नयेत. मॉप मोजले, सुया मोजल्या. फळ्यावर आकडे.

८.१५ – पेशंट ताई टेबलावर. पोटावर कालच मार्करने रेघा काढल्यात. सिलिकॉनचं इम्प्लांट लवकर बसलं असतं, पण पुढे रेडिएशन आहे, त्याने इम्प्लांटभोवतीचं आवरण आवळून कडक होतं. पाठीचा स्नायू फिरवून आणता येतो. ताईंनी पोट निवडलं. “दोन बाळंतपणांचं आहे, लागू दे कामाला,” म्हणाल्या.

९.०० – वर कॅन्सर सर्जन, खाली प्लास्टिक सर्जन. पोटाचा स्नायू काढायचा नाही. त्यातून वर येणारी मिलिमीटरभर जाडीची रक्तवाहिनी तेवढी सोडवायची. हे फार सावकाश चालतं. मी फक्त पाहायला, कोपऱ्यात, हात मागे बांधून.

दुपारी १२.५० – चरबीचा तुकडा पोटापासून सुटला. सिस्टर फळ्यावर वेळ लिहिते. आता त्याला रक्त नाही. तिसऱ्या बरगडीची कूर्चा कापून खालची धमनी आणि शीर मोकळी केलेली आहे. मायक्रोस्कोप आला. नऊ-शून्यचा धागा, केसाहून बारीक. सुई ओल्या गॉजवर ठेवून द्यायची, नाहीतर दिसत नाही. शिरेला कपलर, म्हणजे काटे असलेली इवली कडी. किंमत हजारांत, एकदा फोडली की बिलात. “साइज नक्की सांगा सर, मगच फोडते.” सर पुन्हा मोजतात.

१.५५ – क्लॅम्प सुटला. कडेला लाल रक्त. सिस्टर लगेच सुया मोजायला लागते. एक कमी. मामा चुंबक फिरवतो. सुई सरांच्या क्रॉक्सखाली निघते.

४.३० – पोट शिवताना टेबल कमरेत वाकवतात, ताण नको. ड्रेन लावले. निप्पल काही महिन्यांनी.

६.१० – आयसीयू. रात्रीच्या सिस्टरला चार्ज. कातडीवर निळा टाका, तिथेच डॉपलर, रक्तप्रवाह ऐकायचं यंत्र, धरायचा. दर तासाला रंग, ऊब, आवाज. पांढरं पडलं तर धमनी, निळं पडलं तर शीर. सरांना झोपेतून उठवायचं, लाजायचं नाही.

७.०० – दुसरा डबा उभ्यानेच. कॉन्ट्रॅक्टवर महिना सव्वीस हजार. ओव्हरटाइमच्या कागदावर चार तास, सही उद्या. उद्याच्या यादीत साधी मॅस्टेक्टमी आहे, नुसतं स्तन काढायचं, फ्लॅप नाही. त्या पेशंट काकूंना काहीच नको. ब्लाउजात कापसाचा पॅड शिवून घेणार आहेत. ती शस्त्रक्रिया तीनच्या आत उरकेल.